देसाईसाहेबांचा परिचय

सोमवार, २९ डिसेंबर

परिचय लिहायचं काम मला मिळालं. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. चूक नाही.

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन अठरा जानेवारीला आहे. प्रमुख पाहुणे पोलीस उपायुक्त देसाईसाहेब. आमच्या मंडळात पाहुण्यांचा परिचय म्हणजे दोन ओळींचा मामला नसतो. जन्मगाव, शिक्षण, पहिली नेमणूक, मग एकेक बदली, शेवटी आवडीनिवडी, असं सगळं यावं लागतं. अध्यक्ष दत्ताजीराव माने ते उभं राहून वाचतात आणि पाहुणे मान खाली घालून ऐकतात. दत्ताजीरावांचे पणजोबा संस्थानच्या खासगी खात्यात होते. माणसाची नोकरी पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माणूस सांगून होत नाही, असं त्यांचं मत आहे.

गेल्या वर्षी हे काम उत्कर्षकडे होतं. त्याने नेटवरून उतरवून घेतलं आणि इथल्या वासणा भागातल्या दंतवैद्यांना नेपाळमध्ये जन्माला घातलं. त्यांच्या मातोश्री पहिल्या रांगेत बसल्या होत्या. म्हणून सचिव संयोगिताबाई आज म्हणाल्या, "नेट अजिबात नको. माणसांना जाऊन विचार. आणि लिहिलेलं पाहुण्यांना आधी दाखवायचं नाही. आपण हार आधी दाखवतो का?"

दत्ताजीराव डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "देसाई म्हणजे आपलेच. कुडाळकडचे."

सभागृहाचे व्यवस्थापक काका वर्धापनदिन झाला की मुलाकडे पुण्याला जाणार आहेत. त्या जागेसाठी दोघे आहोत, मी आणि नील. नील एम.बी.ए. आहे आणि संयोगिताबाईंचा भाचा आहे. मी अकरावीत शाळा सोडली आहे आणि कुणाचाच भाचा नाही, अमळनेरचा मामा सोडून. संयोगिताबाई म्हणाल्या, "परिचय कसा होतो ते बघून समिती ठरवेल. नील माझा भाचा आहे म्हणून मी त्याच्या बाजूने नाही. बहिणीला तोंड कसं दाखवायचं, ते माझं मी बघेन."

त्या जागेबरोबर सभागृहामागची खोली मिळते. मला ती खोली हवी आहे. सध्या मी बहिणीकडे, मोहनाताईकडे राहतो, पण फेब्रुवारीत भावोजींचे आईवडील कायमचे राहायला येतात आणि रेल्वे क्वार्टरला खोल्या दोनच. मी ज्यांच्याकडे काम करतो ते किरीटभाईही फ्लेक्सचं दुकान बंद करून सुरतेला चालले आहेत. मग उरतो मामा. मामाचा बोअरवेलचा धंदा आहे. ते यंत्र सुरू झालं की मी कानांत बोटं घालतो आणि मामाला तेच गमतीचं वाटतं.

गुरुवार, १ जानेवारी

पोलीस भवनात जाऊन आलो. जाण्याआधी प्रश्न लिहून पाठ केले होते, कारण गणवेश समोर आला की माझे शब्द मागे जातात.

फाटकावरच्या शिपायाला नमस्कार केला आणि विचारलं, "देसाईसाहेबांची माहिती मिळेल का?"

"केवी माहिती?" म्हणजे कसली माहिती.

"आधी कुठे कुठे होते, घरी कोण कोण असतं, सकाळी किती वाजता फिरायला जातात, बरोबर कुणी असतं की एकटेच असतात."

फिरण्याचा मुद्दा मी आवडीनिवडींसाठी घेतला होता. शिपायाने फाटक लावून घेतलं. मग त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझंच नाव, पत्ता, मोबाईल, दुकान, दुकानाची वेळ असं सगळं लिहून घेतलं. मोबाईलने माझा एक फोटोही काढला. नववर्षाच्या दिवशी एवढं आदरातिथ्य मी अपेक्षिलं नव्हतं. माहिती मात्र मिळाली नाही. "अमे तमने सामेथी मळशुं," असं तो म्हणाला. म्हणजे आम्हीच तुम्हाला येऊन भेटू. माझं ओझं थोडं हलकं झालं.

शनिवार, ३ जानेवारी

काल दुकानात एक नवीन गिऱ्हाईक आलं. नाव गजेंद्रभाई. साधा शर्ट, बारीक केस, खाकी मोजे. त्यांना मोठा फलक करायचा आहे, मजकूर ठरलेला नाही. मी त्यांना कापडाचे आणि फ्लेक्सचे नमुने दाखवले. त्यांनी ते न बघता विचारलं, "निहारभाई, मूळ तुम्ही कुठले?"

मी सांगितलं, अमळनेरचा. आई तिकडेच असते, मी इथे बडोद्यात मोहनाताईकडे प्रतापनगरला राहतो. त्यांनी विचारलं, शाळा का सोडली. मी सांगितलं, बीजगणित. आईला रोज फोन करता का? करतो, दिवेलागणीला. आणखी कुणाला करता? कुणाला नाही. हे सांगताना मला जरा वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी परत विचारलं, "नक्की कुणाला नाही?"

माझ्याबद्दल एवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं. जाताना त्यांनी माझ्या आधारकार्डाचा फोटो घेतला, बिलासाठी लागतो म्हणाले. मोठी गिऱ्हाइकं कागदपत्रांत चोख असतात.

आज संध्याकाळी आमच्या शेजारच्या चाळीतल्या दत्तात्रेयकाकांना विचारलं. काका प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत आणि सगळ्यांना ओळखतात.

"काका, पोलिसातले देसाईसाहेब माहीत आहेत का?"

"देसाई? अरे, माझ्या हातचे बांगडे खाऊन गेलाय तो. कुडाळचा. बाप स्टेशनमास्तर होता."

दत्ताजीरावांचा अंदाज बरोबर निघाला. मी भराभर लिहून घेतलं. साहेब आधी तिकीट तपासनीस होते. वलसाडला एका माणसाला बिनतिकीट पकडलं, तो निघाला पोलीस. साहेब म्हणाले, याला नोकरी मिळते तर मला का नाही, आणि परीक्षेला बसले. विश्वामित्री नदीला पूर आला त्या सकाळी साहेबांनी फलाटावर अडकलेल्या माणसांना स्वतः खिचडी वाढली.

"दिसायला कसे आहेत?"

"माझ्या खांद्याला लागतो. मिशी नाही. पण आवाज असा की इंजिन थांबेल."

काकांनी निमंत्रणपत्रिका मागून घेतली. "तुमच्या बाईंनी पाठवली असेल टपालाने. मी हातात देतो. मी दिली की तो येणारच." मी दिली. दोनदा बोलावलेलं केव्हाही चांगलं.

मंगळवार, ६ जानेवारी

एका माणसाने सांगितलं म्हणून लिहून टाकणं मला पटत नाही. म्हणून समा भागात सुनंदाताईंकडे गेलो. त्या मंडळात हिशेब बघतात आणि पोलिसात त्यांची ओळख आहे असं त्याच नेहमी सांगतात.

"देसाईसाहेब ना, आपल्या बडोद्यातले?" त्या म्हणाल्या. "आमच्या मोत्याचा पाय त्यांनीच बसवला."

मोत्या म्हणजे कुत्रा. तो तिथेच बसला होता, त्याने पाय दाखवला. साहेब मुळात गुरांचे डॉक्टर आहेत. बनासकांठ्याचे, मालधारी घरातले, गायीम्हशींत वाढलेले. गुरांच्या दवाखान्यात असताना गावात म्हशी चोरीला गेल्या. साहेबांनी हंबरण्यावरून म्हशी ओळखून चोर पकडला आणि तेव्हापासून त्यांना पोलिसाच्या नोकरीची ओढ लागली.

"आणि पुराच्या सकाळी," सुनंदाताई म्हणाल्या, "डभोईच्या रस्त्याला गोठ्यात मगर शिरली होती. साहेब स्वतः गेले. मगरीला म्हणाले, बेटा, बाहेर ये. आली."

"म्हणजे ते तेव्हा स्टेशनवर नव्हते?"

"स्टेशनवर कशाला असतील? गोठा स्टेशनवर असतो का?"

मी गोठा लिहून घेतला. खाण्याचं विचारलं तेव्हा कळलं की साहेब दूध आणि बाजरीचा रोटला एवढंच घेतात. बांगड्यांचा विषय मी काढला नाही.

सुनंदाताईंनीही एक पत्रिका ठेवून घेतली. "टपालावर काय भरवसा? मी सांगितलं की ते येतात."

साहेबांना आता तीन पत्रिका मिळतील. विसरण्याचा प्रश्नच नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

गजेंद्रभाई परत आले. फलकाचा मजकूर अजून ठरत नाही. परवा ते माझ्यामागे समा भागापर्यंतही आले होते म्हणे, तिकडे त्यांचं काम होतं. प्रतापनगरला जातानाही भेटले, तिकडेही काम होतं. माणूस फार धडपड्या.

त्यांनी विचारलं, देसाईसाहेबांची एवढी चौकशी कशाला करतोस. मी परिचयाचं, खोलीचं, मामाचं, बोअरवेलचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला फ्लेक्सचा नमुना खाली ठेवला. मग म्हणाले, "बस, एवढंच?"

"एवढंच म्हणजे? माझं सगळं यावरच आहे."

त्यांनी मला चहा पाजला. स्वतःच्या पैशाने.

किरीटभाई हे ऐकत होते. म्हणाले, "देसाईसाहेब मने पूछ ने. देसाई एटले अमारा, नवसारीना." म्हणजे मला विचार, देसाई आमचेच, नवसारीचे; किरीटभाईंची सासुरवाडी तिकडची. साहेबांच्या घरची आंबावाडी आहे. साहेब सुरतेला इंजिनियर झाले, यंत्राच्या कंपनीत लागले, तिथे मालकाने यंत्राच्या पाया पडायला लावलं म्हणून नोकरी सोडली आणि पोलिसात आले. पुराच्या सकाळी ते पुलावर उभे राहून वाहतूक वळवत होते. इतके उंच की दुकानाच्या दारातून वाकून येतात. मिशी अशी की आधी मिशी येते, मग साहेब.

मी म्हणालो, "किरीटभाई, नक्की मिशी आहे?"

"मिशी ही काय विचारून ठेवायची वस्तू आहे?"

खाण्यात फक्त शाकाहारी, कांदासुद्धा नाही.

शनिवार, १० जानेवारी

आज दुकानातून सुट्टी घेऊन जुळवाजुळव केली. माहिती तीन ठिकाणची आहे आणि तिन्ही माणसं खोटं बोलणारी नाहीत. तेव्हा चूक माझ्या समजण्यात असणार. नीट विचार केल्यावर बऱ्याच गोष्टी सुटल्या.

जन्म कुडाळ, बालपण नवसारी, आजोळ बनासकांठा. वडील स्टेशनमास्तर होते म्हटल्यावर बदल्या आल्याच.

शिक्षणात गुरांची डॉक्टरकी आणि यंत्रांची इंजिनियरी दोन्ही आहे. आधी जिवंत, मग निर्जीव, असा क्रम मी लावला. मधल्या सुट्टीत तिकीट तपासनीस.

आहाराचं जमलं. तरुणपणी बांगडे, मग मगरीच्या प्रसंगानंतर हिंसा सोडून दूध आणि रोटला. कांदा पुढे सुटला.

मिशीला मी "काळानुरूप" हा शब्द घातला. उंचीने मात्र दमवलं. शेवटी लिहिलं, "साहेबांची उंची बघणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून आहे." हे वाक्य मला स्वतःला आवडलं.

पूर शेवटी घेतला. एकाच सकाळी फलाट, गोठा आणि पूल. खूप विचार केला. मग लक्षात आलं, तिन्ही ठिकाणी पाणी होतं. म्हणजे साहेब होडीने हिंडत असणार.

मोहनाताई भाजी निवडत होती. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "निहार, हे तीन देसाई आहेत."

मी म्हणालो, "ताई, पत्रिकेवर एकच नाव आहे."

"मग तुझ्या कागदावर तीन कसे?"

"मोठ्या माणसांचं आयुष्य मोठं असतं."

भावोजी आतून म्हणाले, "नको ग त्याला घाबरवू. तसाही तो घाबरतोच." ताईचा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर आहे. तरी रात्री जेवण गेलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. सगळं प्रतापनगर गच्चीवर. भावोजींनी सहा पतंग कापले आणि एक पाण्याची टाकी. मला पतंग येत नाही, मी फिरकी धरतो. ते काम मला आवडतं, कारण त्यात चुकलं तर दुसऱ्याचा पतंग जातो.

समोरच्या गच्चीवर बघतो तर गजेंद्रभाई. काळा चष्मा, हातात पतंग नाही, फिरकी नाही, एकटेच आमच्याकडे बघत उभे. सणाच्या दिवशी एकटं माणूस बघून मला राहवलं नाही. हाका मारून त्यांना उंधियू-जलेबीला बोलावलं. ते आधी चपापले, मग आले. ताईने आग्रह करकरून वाढलं. ते म्हणाले, "बेन, नोकरीत इतक्या ठिकाणी उभा राहिलो, कुणी जेवायला बोलावलं नव्हतं." बहुतेक फिरतीची नोकरी असावी, विक्रीबिक्रीची.

जेवण झाल्यावर मी त्यांना परिचय वाचून दाखवला. तिकीट तपासनीसापर्यंत ते शांत होते. म्हशींशी आल्यावर त्यांनी रुमाल काढला. होडीशी आलो तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्या लिहिण्याने एखादा माणूस इतका भरून येईल असं मला वाटलं नव्हतं. मी थांबलो तर हातानेच "पुढे, पुढे" म्हणाले.

"काही चुकलं असलं तर सांगा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले. "निहारभाई, एक अक्षरही बदलायचं नाही. माझी शपथ आहे."

ताई त्यांच्याकडे बघत होती. ते गेल्यावर म्हणाली, "हा कोण आहे रे नक्की?" मी म्हणालो, गिऱ्हाईक. ती म्हणाली, "याचे मोजे बघितलेस?" ताईला कपड्यांतलं फार कळतं.

शनिवार, १७ जानेवारी

सभागृहात रंगीत तालीम. संयोगिताबाईंनी व्यासपीठावर एक मोठी खुर्ची, दोन लहान खुर्च्या, एक शाल, एक श्रीफळ असं मांडून बघितलं. नीलने ध्वनिवर्धक बसवला आणि मला म्हणाला, "नर्व्हस होऊ नकोस यार. जॉब मला मिळाला तर तू येत जा इथे पेपर वाचायला." तो मनाने वाईट नाही. तेच जास्त त्रासदायक आहे.

मामाचा फोन आला. नवीन यंत्र घेतलं आहे, जुन्याहून मोठं. फोनवरून त्याने ते चालू करून ऐकवलं.

व्यवस्थापक काकांनी मागची खोली उघडून दाखवली. खिडकीतून कडुनिंब दिसतो. एक फळी आहे, तिच्यावर माझा शब्दकोश बसेल. मी मोजमाप न करता नुसतं बघून आलो. मोजलं तर दृष्ट लागेल असं वाटलं.

रविवार, १८ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सभागृह भरलं होतं. आधी दत्तात्रेयकाका आले. त्यांच्याबरोबर गणवेशातले एक बुटके साहेब, मिशी नाही. काका लांबूनच ओरडले, "आणले बघ तुझे देसाई." संयोगिताबाईंनी हात जोडून त्यांना मोठ्या खुर्चीवर बसवलं. साहेबांनी नमस्कार केला तर समोरच्या रांगेतलं मूल जागं होऊन रडायला लागलं. आवाज खरंच इंजिनाचा होता. मी मनात म्हटलं, मिशी काढली वाटतं.

मग सुनंदाताई आल्या. त्यांच्याबरोबर दुसरे एक साहेब, मध्यम बांध्याचे, शांत चेहऱ्याचे. मोत्याही बरोबर आला होता. सुनंदाताई म्हणाल्या, "हे आमचे देसाईसाहेब."

संयोगिताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दत्ताजीरावांच्या हातातल्या कागदांकडे बघितलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा दरवाजा वाजला. आधी मिशी आली, मग साहेब. दारातून वाकून.

मला ताईने भाजी निवडताना म्हटलेलं वाक्य आठवलं. पहिले रेल्वे पोलिसातले देसाई, दुसरे ग्रामीण पोलिसातले देसाई, आणि तिसरे आमच्या शहराचे उपायुक्त, ज्यांना आपण खरं बोलावलं होतं. तिघांनी एकमेकांना नमस्कार केला. तिघे एकमेकांना चांगले ओळखत होते. ओळखत नव्हतो तो मी.

तिघांना तीन खुर्च्या झाल्या. अध्यक्षांना खुर्ची उरली नाही. पण दत्ताजीराव उभेच होते, हातात माझे कागद घेऊन. त्यांनी पहिलं पान बघितलं, व्यासपीठाकडे बघितलं, परत पान बघितलं. मग कागद माझ्या हातात दिले. "आमच्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी झाली," ते म्हणाले, "पण असा कागद आम्ही हातात धरला नाही. तू लिहिलंस, तू वाच."

मी संयोगिताबाईंना म्हणालो, "बाई, नको वाचूया."

"पाहुण्यांचा परिचय झाल्याशिवाय मंडळात कार्यक्रम झालेला नाही," त्या दात न उघडता म्हणाल्या. "आणि तीन पाहुणे बिनपरिचयाचे बसवून ठेवले तर मी जीव देईन. आधी तुझा घेईन."

मी वाचायला लागलो. माझा आवाज मला लांबून येत होता. "देसाईसाहेबांचा जन्म कुडाळ येथे झाला." बुटक्या साहेबांनी मान हलवली. "बालपण नवसारीच्या आंबावाडीत गेलं." मिशी हलली. "आजोळी बनासकांठ्यात त्यांना गुराढोरांचा लळा लागला." ग्रामीण पोलिसातल्या साहेबांनी मोत्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी थांबून वर बघितलं. तिघेही पुढे सरकून ऐकत होते.

मग एकेक वाक्य वाचावं आणि एकेकाने मान हलवावी असं सुरू झालं. लोकांच्या ध्यानात आलं. मी वाक्य संपवलं की सगळं सभागृह माना वळवून बघायचं, हे कुणाचं. बिनतिकीट पोलिसाच्या गोष्टीला रेल्वेचे साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे, तो आता माझाच ड्रायव्हर आहे." यंत्राच्या पाया पडण्याशी आलो तेव्हा उपायुक्तांनी मिशीवर हात ठेवून मान खाली घातली. बांगड्यांना दत्तात्रेयकाकांनी हात वर केला.

उंचीचं वाक्य वाचताना मी डोळे मिटले. "साहेबांची उंची बघणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून आहे." टाळ्या थांबेनात.

होडीशी आलो. "अशा रीतीने एकाच सकाळी साहेब फलाट, गोठा आणि पूल या तिन्ही ठिकाणी हजर होते." कुणीतरी मागून म्हणालं, "होतेच." शेवटचं वाक्य मी दहा तारखेलाच लिहून ठेवलं होतं, ते बदलायला वेळ नव्हता: "एका माणसाच्या आयुष्यात एवढं सगळं कसं मावलं, हा प्रश्न आपल्याला पडल्यावाचून राहणार नाही."

दत्ताजीराव हसताना मी पहिल्यांदाच बघितले.

शाल एकच होती. संयोगिताबाई शाल घेऊन उभ्या राहिल्या, काय करावं त्यांना कळेना. तेव्हा तिन्ही साहेबांनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि खांद्याला खांदा लावून बसले. मधे उपायुक्त, म्हणून शाल मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती दिसत होती, तंबूसारखी. श्रीफळ मोत्याने नेलं.

उपायुक्त गुजरातीत बोलले, मी इथे मराठीत लिहितो. ते म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली. जिथे जातो तिथे लोक माझा हुद्दा वाचतात आणि परवानगी मागतात. मी कोण, हे विचारायला कुणी दारोदार फिरलं नव्हतं. आज ऐकल्यावर कळलं की मी गुरांचाही डॉक्टर आहे. घरी सांगतो." मग म्हणाले, "या परिचयात चूक काढा म्हणून मी या दोघांना कानात विचारलं. तिघांत मिळून एकही सापडली नाही."

चहाच्या वेळी मी कप धुण्याच्या मोरीपाशी जाऊन उभा राहिलो. बोअरवेलचा आवाज कानात येत होता. उपायुक्तांनी मला बोलावलं. शेजारी संयोगिताबाई, नील, दत्ताजीराव. संयोगिताबाई सांगत होत्या की व्यवस्थापकाची जागा भरायची आहे, दोघे उमेदवार आहेत, समितीत मतं अर्धी-अर्धी आहेत, आणि सभागृहाच्या नियमाप्रमाणे राहायला येणाऱ्याची पोलीस पडताळणी लागते. नीलचा अर्ज कालच गेला, महिना लागेल.

"आणि याचा?"

"याचा अजून अर्जच नाही."

साहेबांनी मागे न बघता म्हटलं, "गजेंद्र."

खांबामागून गजेंद्रभाई आले. आज बूटही चकचकीत. त्यांनी साहेबांना खाडकन सलाम केला. वडीलधाऱ्यांना मान देण्याची त्यांची पद्धत मला आवडली.

"आ भाईनुं?" याची पडताळणी झाली का, असं साहेबांनी विचारलं.

"थई गयुं, साहेब. आखुं." म्हणजे झालं, पूर्ण. आणि ते पाठ म्हटल्यासारखे म्हणायला लागले. "अमळनेर. अकरावी, बीजगणित. आईला रोज दिवेलागणीला फोन, दुसऱ्या कुणालाच नाही. मेथी खात नाही. पतंग उडवत नाही, फिरकी धरतो. संशयास्पद काही नाही. अनोळखी माणसाला घरी नेऊन जेवू घालतो."

दत्ताजीरावांनी मान डोलावली. "याला म्हणतात परिचय," ते म्हणाले. "माझं मत या मुलाला."

त्यांचं मत गेलं की समितीचं जातं. संयोगिताबाईंनी नीलकडे बघितलं. नील म्हणाला, "मावशी, मला इथे राहायचंच नव्हतं, ती खोली बघितलीस का?" बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चावी उद्या घे. आणि त्या कुत्र्याकडून श्रीफळ आण."

गजेंद्रभाईंची स्मरणशक्ती दांडगी आहे. मेथीचं मी त्यांना कधी सांगितलं होतं ते मलाच आठवत नाही.

मंगळवार, २० जानेवारी

मागच्या खोलीत आलो. शब्दकोश फळीवर बसला. आईला फोन केला, मामाला ताईने केला. ताई जागा झाडून गेली आणि जाताना म्हणाली, "तीन म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग आता तुझ्या त्या गिऱ्हाइकाचंही सांगू का?" मी म्हटलं, त्यात सांगायचं काय, फार चांगला माणूस आहे. ती माझ्या डोक्यावर टपली मारून गेली.

संध्याकाळी गजेंद्रभाई खास भेटायला आले. फलकाचा मजकूर शेवटी ठरला. किरीटभाईंच्या दुकानातलं हे माझं शेवटचं काम, म्हणून मनापासून केलं. मजकूर गुजरातीत आहे, त्याचा अर्थ असा:

"अनोळखी माणसाला स्वतःची माहिती सांगू नका. आधारकार्ड दाखवू नका. घरात घेऊ नका. – शहर पोलीस, जनहितार्थ."

मजकूर छान आहे, लोकांना याची गरज आहे. गजेंद्रभाई विक्रीची नोकरी सांभाळून पोलिसांसाठी अशी समाजसेवा करतात, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फलक बघून त्यांनी मला विचारलं, "निहारभाई, वाचून काही वाटलं का?"

मी नीट परत वाचलं. म्हणालो, "अक्षर अजून थोडं मोठं हवं. लांबून दिसलं पाहिजे."

त्यांनी फलक गुंडाळून काखेत घेतला. मग म्हणाले, "हो. जवळून तर दिसतच नाही." मी त्यांना खोली दाखवली, चहा केला, आणि दुसरी चावी कुठे ठेवतो तेही सांगून ठेवलं, कधी दमून आले तर बसायला.